बिलावरचा बॅच नंबर : केजच्या मेडिकलमधील कागदांचा इतिहास

बीड जिल्ह्यातील केजच्या एखाद्या मेडिकलसमोर गिऱ्हाईक उभे राहते, तेव्हा काउंटरमागच्या भिंतीवर चौकटीत लावलेले काही कागद दिसतात. नमुना २० आणि नमुना २१ मधील विक्रीचे परवाने आणि शेजारी फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र. ते कोणी वाचत नाही. हातात पडलेल्या बिलावर औषधाच्या नावापुढे छापलेला बॅच नंबरही सहसा कोणी पाहत नाही. हे कागद आणि हा क्रमांक तिथे कसे पोहोचले, हा इतिहास शंभर वर्षांच्या आतला आहे आणि त्यात बऱ्याच माणसांचे जीव गेले आहेत.

१९३० पूर्वी हिंदुस्थानात औषधाच्या शुद्धतेसाठी देशव्यापी कायदाच नव्हता. अफू आणि विषारी पदार्थ यांच्यासाठी कायदे होते. पण हिवतापाच्या रोग्याला दिलेल्या क्विनाइनच्या गोळीत क्विनाइन किती आहे, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नव्हता. परदेशातून येणारा निकृष्ट माल आणि इथली भेसळ, दोन्ही उघडपणे विकले जात. तक्रारी वाढल्यावर सरकारने १९३० च्या ऑगस्टमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. कायदा मात्र १९४० मध्ये झाला, आणि त्याचे नियम १९४५ मध्ये. मधल्या काळात काय घडले, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते.

१९३७ च्या शरद ऋतूत तिथे सल्फानिलामाइड या नव्या औषधाचे गोड पातळ रूप बाजारात आले. गोळी गिळता न येणाऱ्या मुलांसाठी ते सोयीचे होते. औषध विरघळवण्यासाठी कारखान्याने डायइथिलीन ग्लायकॉल वापरले. हा रंगहीन, गोडसर, स्वस्त द्रव उद्योगधंद्यात वापरला जातो. शरीरात गेल्यावर तो मूत्रपिंडे निकामी करतो. शंभराहून अधिक लोक मेले, त्यांत मुले बरीच होती. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार विषारी औषध विकणे हा गुन्हाच नव्हता. माल जप्त करता आला तो एका तांत्रिक चुकीमुळे : बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते, आणि त्या शब्दाचा अर्थ मद्यार्क असलेले औषध असा होता. बाटलीत मद्यार्क नव्हता, म्हणून लेबल खोटे ठरले.

या शोकांतिकेतला पुढचा भाग इतिहासाची पुस्तके दोन ओळींत उरकतात, पण मेडिकलच्या गोष्टीसाठी तोच महत्त्वाचा आहे. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन औषध परत मिळवण्यात आले. निरीक्षक गावोगावी फिरले. त्यांनी घाऊक व्यापाऱ्यांची बिले, दुकानांची विक्रीची पुस्तके आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चाळल्या. जिथे नोंद होती तिथे बाटली सापडली, आणि घेणाऱ्याचे नावच लिहिलेले नव्हते तिथे शोध थांबला. उरलेल्या सहा-एक गॅलनांनी ते बळी घेतले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला.

आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्याने परवाना, निरीक्षक आणि सरकारी प्रयोगशाळा या तीन गोष्टी आणल्या. १९४८ च्या ४ मार्चला फार्मसी कायदा आला आणि औषध हाताळणाऱ्या माणसाची नोंदणी सुरू झाली. केज मात्र तेव्हा या दोन्हींच्या कक्षेबाहेर होते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थान भारतात विलीन व्हायला साडेसहा महिने बाकी होते. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. मुंबईतल्या औषध विक्रेत्याला जो कायदा आधीपासून ठाऊक होता, तो इथल्या दुकानदाराने उशिरा पाहिला.

फार्मसी कायद्यातही एक मोठी सवलत होती. औषधे देण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही पहिल्या नोंदवहीत स्थान मिळू शकत होते. शिकलेले फार्मासिस्ट मुळात इतके कमी होते की त्याला पर्याय नव्हता. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी चिठ्ठीवरील औषध देऊ नये, हे कलम ४२ पूर्णपणे लागू झाले ते १ सप्टेंबर १९८४ पासून. कायदा होऊन छत्तीस वर्षे झाल्यावर.

त्यानंतर दीड वर्षही झाले नव्हते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांना दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल पाजण्यात आले. त्यांची लघवी बंद होऊ लागली. चौदा रुग्ण मरण पावले. ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते, म्हणजे १९३७ चेच विष. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने साक्षी घेतल्या आणि १९८७ च्या अखेरीस अहवाल दिला. रुग्णालयाची खरेदी, पुरवठादारांची निवड, अन्न व औषध प्रशासनाची ढिलाई आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप या सर्वांवर त्यात कठोर ताशेरे होते. हे औषध कोणत्याही काउंटरवरून गेलेले नव्हते, त्यामुळे कलम ४२ इथे निरुपयोगीच ठरले असते. पिंपात काय आहे हे दुकानातल्या फार्मासिस्टलाही डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याच्या हाती एवढेच असते : माल परवानाधारकाकडून बिलाने घ्यायचा, आणि कोणत्या बॅचचे औषध कोणाला दिले ते लिहून ठेवायचे.

आजचे नियम याच दोन गोष्टींभोवती फिरतात. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले जावे, आणि नोंदीत रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, उत्पादक, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि फार्मासिस्टची सही असावी. किरकोळ दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते. पाकिटावरील तांबडी उभी रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. मार्च २०१४ पासून परिशिष्ट ‘एच १’ लागू झाले. प्रभावी प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे त्यात आली आणि त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपण्याचे बंधन आले.

नियम आणि व्यवहार यांच्यातले अंतर बीड जिल्ह्याला चांगलेच माहीत आहे. प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर उभा दुसराच, हा प्रकार राज्यभर इतका रुळला होता की त्याला कोणी गैर म्हणत नसे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. राज्यातील हे सर्वांत कमी प्रमाण होते. २०१२ मध्ये केजपासून फार दूर नसलेल्या परळीत गर्भपातादरम्यान एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि जिल्हा देशभर गाजला. त्या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असलेल्या महेश झगडे यांनी औषध दुकानांवर मोहीम उघडली. बिले, फार्मासिस्टची हजेरी आणि गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशेब तपासला जाऊ लागला. परवाने निलंबित झाले. विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला.

या मोहिमेची दुसरी बाजूही सांगायला हवी. गर्भपाताच्या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांसाठी असतात, आणि सोनोग्राफीत गर्भाचे लिंग कळते ते त्यानंतर कित्येक आठवड्यांनी. म्हणजे लिंगनिदानाचा गुन्हा या गोळ्यांनी क्वचितच साधला असता. पण चौकशीचा ससेमिरा नको म्हणून अनेक दुकानदारांनी त्या ठेवणेच बंद केले, आणि कायदेशीर हक्क असलेल्या स्त्रियांना त्या मिळेनाशा झाल्या. प्रश्न ‘कोणाला दिले’ एवढाच होता. नोंद ठेवण्यापेक्षा औषधच न ठेवणे दुकानदारांना सोपे वाटले.

२०२५ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. उपचारांसाठी त्यांपैकी काहींना नागपूरला आणले होते. त्या औषधात अठ्ठेचाळीस टक्क्यांहून अधिक डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधाच्या नावासह एक बॅच नंबर जाहीर केला : ‘एसआर-१३’. त्या बॅचची बाटली कोणाकडे असेल तर तिचा वापर ताबडतोब थांबवावा, अशी ती सूचना होती. मुंबईपासून केजपर्यंत प्रत्येक दुकानदाराने तेव्हा फळीवरच्या बाटल्या उलटून तोच क्रमांक शोधायचा होता, आणि बाटली आधीच विकली गेली असेल तर जुन्या बिलांत घेणाऱ्याचे नाव.