माणूस जातो, विषय जातो : डेक्कन कॉलेजातील इतिहासाची अध्यासने

मोठ्या विद्यापीठात एखादे प्राध्यापक निवृत्त झाले, तर त्यांचे तास दुसरे कोणी घेते. छोट्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात मात्र माणूस गेला की पुष्कळदा विषयही त्याच्याबरोबर जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

१८२१ मधील पाठशाळेतून वाढलेले हे महाविद्यालय सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पदवीचे वर्ग गेले. मोजके अध्यापक आणि संशोधक विद्यार्थी राहिले. इतिहासाचा भार दोघांवर आला. प्राचीन इतिहासासाठी हसमुख धीरजलाल सांकलिया आले, तर मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर. साताऱ्याचा पारसनीस संग्रहही त्याच वर्षी येथे आणण्यात आला.

दोघांची घडण निराळी होती. सांकलियांनी लंडनहून १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती आणि उत्खननाचे शिक्षणही तेथेच घेतले होते. शेजवलकर हे ‘प्रगती’ साप्ताहिकाचे माजी संपादक, कागदपत्रांत रमणारे. त्यांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. शिवचरित्राचे काम मात्र अपुरे राहिले. १९६३ मध्ये ते वारले. जमवलेली सामग्री १९६४ मध्ये ‘श्री शिवछत्रपती’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि तिला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

उत्खननाच्या शाखेचे तसे झाले नाही. तिच्या अहवालांची मुखपृष्ठे सेवापुस्तिकेसारखी वाचता येतात. नेवाशाच्या १९६० च्या अहवालावर सांकलियांबरोबर शां. भा. देव आणि झैनुद्दीन दाऊद अन्सारी यांची नावे आहेत. आहाडच्या १९६९ च्या अहवालावरही हेच तिघे आहेत. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, तरी इनामगावचे उत्खनन चालू राहिले. त्याचा अहवाल १९८८ मध्ये मधुकर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांच्या नावे निघाला. विभागप्रमुख बदलले, अन्सारींचे नाव टिकले. विभागाचे सातत्य केवळ प्रमुखावर अवलंबून नसते, हे यातून दिसते.

सांकलियांचे विद्यार्थी बेंडापुडी सुब्बाराव वडोदऱ्याला गेले आणि तेथील पुरातत्त्व विभाग त्यांनी उभा केला. पुण्याची एक जागा रिकामी झाली, पण विद्या दुसऱ्या गावी रुजली. मध्ययुगाच्या अभ्यासालाही पुढे निराळी वाट मिळाली : मधुकर श्रीपाद माटे यांनी दौलताबादच्या अवशेषांच्या आधारे इस्लामी पुरातत्त्वाचा विचार १९८३ मध्ये मांडला.

आपल्या भागातील महाविद्यालयांनी यातून घेण्याजोगा धडा साधा आहे. फारसी, मोडी किंवा जुनी दखनी वाचणारे अध्यापक निवृत्त होतात, तेव्हा निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. दप्तराचे काय, हे कोणी विचारत नाही. रिकाम्या जागेवर नवी नेमणूक करता येते, पण कागद वाचण्याची सवय नेमणूकपत्राने येत नाही. ती गुरूच्या शेजारी काही वर्षे बसूनच येते. म्हणून निवृत्तीची तारीख येण्यापूर्वीच शेजारी बसणारा विद्यार्थी शोधला पाहिजे.