खांबांवर उभं राहिलेलं नाव

कापडावरचं अक्षर मुळात मिरवायला आलेलं नाही. ते आलं हिशेबापोटी. मुंबईच्या नायगावात बॉम्बे डाईंगची स्प्रिंग मिल होती, त्या काळी गिरणीच्या ताग्यावर गिरणीचा छाप असे. धोब्याकडे गेलेल्या सदऱ्याच्या कॉलरआड काळ्या शाईची खूण असे. युरोपातही घरोघरच्या चादरी-रुमाल धुलाईत अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांवर लाल दोऱ्याने, फुल्याफुल्यांच्या टाक्यांत आद्याक्षरं काढत. कित्येक मुलींची अक्षरओळख त्या सरावाच्या कापडावरच व्हायची.

क्रोशाची सुई या गोष्टीत उशिरा शिरली, आणि तिचं मूळ कदाचित आपल्याकडेच आहे. ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळी टाका घालायची आरीची रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात पोचली. पुढे कोणीतरी खालचं कापडच काढून टाकलं आणि साखळी नुसत्या दोऱ्यावर उभी राहिली, असं बरेच अभ्यासक मानतात. १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच मासिकात क्रोशाचे नमुने छापून आले. १८४५ नंतरच्या आयर्लंडमधल्या दुष्काळात तर याच विणकामावर कित्येक घरांची चूल पेटली.

मग सुई मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात परतली. आंध्रातल्या नरसापूरची लेस त्यातूनच उभी राहिली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली आल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत धड्यांबरोबर सुईदोराही असे. १९०८ साली गावदेवीत सेवासदन निघालं, तेव्हा बायकांना हातकाम शिकवणं हा सुधारणेचाच भाग झाला होता.

अक्षर मात्र जाळीच्या क्रोशात खुललं. आलेखाच्या कागदावर नाव काढायचं आणि चौकोन मोजत विणायचं. एक खांब, म्हणजे उंच उभा टाका, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब, की झाला रिकामा चौकोन. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की तो भरला. दर ओळीला काम उलटतं, म्हणून कागदही एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वाचावा लागतो. हे विसरलं की अक्षर फसलंच.

रोमन अक्षरं जाळीत सुटी उभी राहतात. देवनागरीला शिरोरेषा आहे. भरलेल्या चौकोनांची एक सरळ ओळ वर टाकली की सगळं नाव तिला लटकतं. ‘म’, ‘न’, ‘ग’ पटकन होतात, कारण त्यांत उभ्या काठ्या. ‘ळ’ किंवा ‘इ’ आली की कागद खोडायची वेळ येते, आणि वेलांटीचा तर जिनाच होतो! तरीही रुखवतातल्या रुमालावर वधूवरांची नावं आणि दारावरच्या तोरणात ‘सुस्वागतम’ विणणाऱ्यांनी तो जिना हसत चढलेला आहे. ‘स्व’चं जोडाक्षर नीट आलं की ओळखावं, हात बसलेला आहे.

हे काम लहानशा घरातही मावतं. नायगावच्याच ४२ बीडीडी चाळी घ्या, १९२० च्या दशकातल्या. साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथे भरतकामाची मोठी चौकट मांडायला जागा कुठून काढणार? क्रोशाला एक सुई आणि मांडीवरचा गुंडा एवढंच लागतं. कामाचा हा सुटसुटीतपणा त्याच्या नक्षीइतकाच महत्त्वाचा, पण त्याचं कौतुक कमी होतं.

आता चलती आहे सुट्या अक्षराची. झबल्यावर, स्वेटरवर, डेनिमच्या जाकिटावर ते वरून शिवतात. लोकरीची लांब साखळी विणायची, खडूने काढलेल्या नावावरून ती वळवत न्यायची आणि कडेने बारीक टाके घालायचे. इथे वेलांटी अगदी गोल येते, जिना नाही. ‘नंदा’सारख्या नावात अनुस्वार मात्र साखळीतून सुटतो. त्याच्यासाठी मुक्या, म्हणजे आखूड, खांबांची एवढीशी टिकली वेगळी विणावी लागते, आणि धुण्यात पहिली तीच निघते, म्हणून तिच्या मागून चार टाके जास्तीचे घालतात.