बाळंतपणाचे आठ आणे

गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. संप, मोर्चे, शाहिरी, चाळी, तालमी सगळे त्यात आहे. मात्र गिरणीच्या दारातून कामाला आत जाणारी बाई या लेखनात क्वचितच भेटते. भेटते ती बहुधा कुणा कामगाराची बायको म्हणून. वास्तविक १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. स्वातंत्र्याच्या सुमारास हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास आले आणि १९८२च्या संपापर्यंत नगण्य झाले. ही बाई गेली कुठे, या प्रश्नाचा मी काही वर्षे माग काढते आहे. तिच्या भल्यासाठी झालेल्या कायद्यांचा खर्च कोणी सोसायचा ठरले, यात उत्तराचा मोठा भाग आहे, असे माझे मत झाले आहे.

बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांत असत. साचे पुरुषांचे. बायकांचे काम बहुतेक उक्ते, मजुरी पुरुषांहून कमी, आणि वर देखरेखीला नाईकीण. घरची परिस्थिती सोबत होतीच. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. दिवस भरत आले तरी कामावर जाणाऱ्या बायका आणि आई परतेपर्यंत झोपून राहावे म्हणून तान्ह्या पोरांना दिली जाणारी अफूची ‘बाळगोळी’ त्या पाहणीमुळे सरकारी कागदांवर आली. त्या काळात, १९२१ साली, मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजारी सहाशेच्या वर नोंदले गेले होते. बाळंतपणाला अनेक जणी गावी जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मृत्यूची मुंबईत. त्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला आहे. ती फुगवटी वजा केली तरी उरते ते भयंकरच आहे.

केंद्रीय कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी १९२४ साली प्रसूतीलाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात मात्र १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे रोज आठ आणे, आणि ते मालकाने द्यायचे.

या विधेयकावर जुलै १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्यांचे म्हणणे. पण मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. तेव्हा सरकार पुढे येईपर्यंत मालकाने भार सोसणे मुळीच अन्यायाचे नाही, असेही त्यांनी बजावले. कायद्याने यातली दुसरी बाजू घेतली, पहिली सोडून दिली.

परिणाम दिसू लागले. गरोदर असल्याचे लक्षात येताच कामावरून कमी करणे, विधवा किंवा वय झालेल्या बायकांना पसंती देणे, अशा प्रकारच्या तक्रारी १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीपुढेही आल्या. बाईला कामावर ठेवणे हाच मालकाच्या वहीत जादा खर्च ठरला.

एकट्या प्रसूतीलाभावर सारे खापर फोडणे बरोबर होणार नाही. रॅशनलायझेशनमध्ये, म्हणजे कमी माणसांत जास्त काम उरकण्याच्या धोरणात, बायकांच्याच खात्यांवर यंत्रांची पहिली कुऱ्हाड पडली. रात्रपाळ्या वाढल्या, १९४८च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात स्त्रियांना कामाची मनाई होती. तिन्ही पाळ्यांत फिरवता येणारा पुरुष मग सोयीचा झाला. कामगार संघटनांनाही पुरुषाच्या पगारात घर चालावे हीच मागणी जवळची वाटली.

गिरणी सुटली म्हणून काम सुटले नाही. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायकाच चालवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा या बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या होत्या. गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते, त्यामुळे प्रसूतीलाभही नव्हता.

२०१७पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्या बसतात त्यांना सामायिक निधीतून पैसे मिळतात. इतरांच्या बाबतीत भार अजून मालकावरच आहे, आणि मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता आणि पाळीच्या दुखण्यात बुडालेला दिवस म्हणजे खाडा. त्याचा दंड उचलीतून कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. तिथे मालकही पैसे देत नाही, सरकारही नाही. बाई आपल्या शरीरातून देते. १९२८ साली मांडलेली सरकारी वाट्याची सूचना अजून सभागृहाच्या छापील कामकाजात पडून आहे. ती बाहेर काढून पुन्हा चर्चेला घेण्याची वेळ आली आहे.