पेटी, कपाट आणि किल्ली

बडोद्यातील मराठी शाळेच्या स्मरणिकेत श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव यावयाचेच. ते चुकत नाही. मात्र येथे मला त्यांच्या राजवाड्याविषयी किंवा दरबाराविषयी नव्हे, तर पुस्तकांच्या एका लाकडी पेटीविषयी लिहावयाचे आहे. आमच्या वर्गातल्या कपाटाची वंशावळ त्या पेटीपर्यंत पोहोचते, असे मी मानतो.

१८७५ साली कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा त्याचे अक्षरशिक्षण जेमतेमच होते. वाचन उशिरा हाती लागल्यामुळेच की काय, त्याचे मोल या राजाने जन्मभर ओळखले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती साऱ्या संस्थानास लागू झाली. पण शाळा सुटल्यावर काय? ज्या गावात वाचावयास एक पानही मिळत नाही, तेथे शिकलेली अक्षरे दोन-चार वर्षांत पुसली जात. शिक्षणावरचा खर्च वाया जाऊ नये, या व्यवहारी काळजीतून बडोद्याची ग्रंथालय चळवळ उभी राहिली. तिच्याविषयी बोलताना आपण ‘ज्ञानयज्ञ’ वगैरे शब्द फार वापरतो. मूळ चिंता इतकी साधी होती.

महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन तीनच वर्षे राहिले. परंतु तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील नियतकालिक निघू लागले. राजवाड्यातील खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके महाराजांनी या ग्रंथालयास दिली. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी एक हिस्सा उभारावा, उरलेले दोन हिस्से पंचायत व सरकार यांनी घालावेत, अशी व्यवस्था होती. याच सुमारास, सरकारी योजनेच्याही आधीपासून, मोतीभाई अमीन हे शिक्षक गावोगावी ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढीत होते. राजाने चळवळ केली हे खरे. पण एका शिक्षकाने ती आधीच सुरू केली होती, हेही तितकेच खरे.

आणि ती पेटी? जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. एक पेटी वाचून झाली की ती परत जाई, दुसरी येई. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग होता, आणि वाचकाने स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक हाताळावे, निवडावे, हे बॉर्डन यांचे धोरण होते. पुस्तक मागून घेणे आणि पुस्तक निवडणे यांत फरक आहे. तो आम्हांला पुष्कळ पुढे कळला.

आमच्या शाळेत पुस्तके होती, पण ती कुलपात. यात कोणा एकाचा दोष नव्हता. प्रत्येक पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले, हरवले तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून. अशा स्थितीत पुस्तक न देणारा शिक्षकच सुरक्षित! वर्षअखेरच्या तपासणीत पुस्तके कोरी करकरीत निघत आणि सर्वांना समाधान वाटे.

मी सातवीत असताना आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी त्यावर तोड काढली. रजिस्टरबाहेरचीच पुस्तके जमवावयाची. प्रत्येकाने घरचे एक पुस्तक वर्षापुरते वर्गाला द्यावयाचे. गुजरातेत मराठी बालपुस्तक मिळणे सोपे नव्हते. उन्हाळ्यात पुण्याला किंवा नाशिकला आजोळी जाणाऱ्यांवर भिस्त असे. कुणी ‘श्यामची आई’ आणली, कुणी ‘फास्टर फेणे’, कुणी ‘किशोर’चे जुने अंक सुतळीने बांधून आणले. एकाने तर पंचांग आणले. तेही बाईंनी नोंदवून घेतले. कपाटाला कुलूप लावले नाही. दर आठवड्याला एक विद्यार्थी ग्रंथपाल होई आणि नोंदवही सांभाळी.

बाईंचा एक नियम मात्र कडक होता: वाचलेल्या पुस्तकावर निबंध लिहावयास सांगावयाचा नाही, प्रश्न विचारावयाचे नाहीत. आवडले नाही तर अर्धे सोडून परत ठेवावे. आमच्या काही पालकांना हे रुचले नाही. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, पुढे सारे इंग्रजी. अशा मुलाने गोष्टीच्या पुस्तकांत वेळ का दवडावा, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो गैर नव्हता. बाईंनी वाद घातला नाही. सहामाहीनंतर त्यांनी त्या पालकांना वर्गात बोलावून आपापल्या मुलाचे मोठ्याने वाचन ऐकावयास बसवले. जून महिन्यात जोडाक्षरापाशी अडखळणारी मुले आता स्वल्पविराम पाळीत वाचत होती.

पुस्तके हरवली, हे सांगितलेच पाहिजे. त्या नोंदवहीत काही नावांपुढे परतीची तारीख नाही. त्यांत माझेही नाव आहे. बाईंनी ती पुस्तके ‘वाचनात’ असा शेरा मारून वर्ष बंद केले.

आज पाचवी ते सातवीची पटसंख्या पूर्वीच्या एका तुकडीएवढी उरली आहे. कपाट तेच आहे, बिजागऱ्या नव्या आहेत. वरच्या दोन फळ्यांवर मराठी पुस्तके आहेत, तिसरीवर मुलांनीच मागून घेतलेली गुजराती. खालची फळी सध्या रिकामी आहे.