नाकातल्या थेंबांपासून वाढीच्या चाचणीपर्यंत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, पालमच्या अंगणवाड्या-शाळांतून मुलांची उंची मोजतं. वयाच्या मानानं फारच ठेंगणं मूल आढळलं, की आधी खाणंपिणं, थायरॉइड, किडनी बघतात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात. तरीही कारण सापडलं नाही, तर ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेचा संशय येतो. इथे साधी रक्ततपासणी उपयोगाची नाही. पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन थांबूनथांबून, बरंचसं गाढ झोपेत सोडते. दुपारी रक्त घेतलं तर धडधाकट मुलाचंही शून्याजवळ येतं. ग्रंथीला डिवचूनच बघावं लागतं.

पहिली डिवचणी इन्शुलिनची. रक्तातली साखर घसरली की ग्रोथ हार्मोन उसळतं, हे न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो, सॉलोमन बर्सन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं. हार्मोन मोजण्याची रेडिओइम्युनोअसे पद्धतही यॅलो-बर्सन यांचीच. तिच्यासाठी यॅलोंना १९७७ चं नोबेल मिळालं. चाचणी भरवशाची, पण जिवाला घोर लावणारी. साखर मुद्दाम चाळिशीपर्यंत उतरवायची. मूल घामाघूम होतं, क्वचित झटकेही येतात. ग्लुकोज हाताशी आणि डॉक्टर खाटेजवळच हवेत.

ग्लुकागॉनच्या इंजेक्शनला एवढी धास्ती नाही. मात्र तीन तास रक्त घेत राहावं लागतं, मळमळ होते.

क्लोनिडिनची कूळकथा सर्वांत गमतीची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीत ते चोंदलेल्या नाकासाठी बनवलं होतं. सर्दी झालेल्या एका सेक्रेटरीबाईंच्या नाकात त्याचे थेंब घातले, तर त्या दुसऱ्या दिवसापर्यंत झोपूनच राहिल्या! रक्तदाबही उतरला, आणि औषध बीपीच्या रांगेत गेलं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ते ‘अर्कामिन’ म्हणून मिळतं. ही गोळी ग्रोथ हार्मोनही वाढवते, म्हणून मुलांच्या चाचणीला चालेल, असं इस्रायलच्या झ्वी लॅरॉन यांच्या गटानं १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

परभणीहून रात्रभर रेल्वेनं मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला हीच चाचणी त्यातल्या त्यात झेपते. मूल उपाशीपोटी, हातात सुई. वजनाप्रमाणे गोळी, मग दर अर्ध्या तासानं रक्त. मूल पेंगतं, बीपी उतरतो, म्हणून लगेच उठवून चालवायचं नाही; बीपी सावरल्यावर, खाऊ घालूनच सोडायचं. परतीची गाडी त्या बेतानंच धरावी.

इतकं करूनही एका चाचणीत निरोगी मूल नापास होऊ शकतं. त्यामुळे रोजच्या इंजेक्शनांचा महागडा, वर्षानुवर्षांचा उपचार सुरू करण्याआधी सहसा दुसरी, वेगळ्या औषधाची चाचणीही करतात.