वाघिणीतली हत्तीण

साल १९०२. पहाटेचं पुणे स्टेशन. मिरजेकडून आलेली सर्कशीची गाडी हिसका देऊन थांबते आणि तुमच्या मानेवर गरम, आंबूस फुंकर येते. लक्ष्मीची सोंड. रात्रभर तुम्ही तिच्याशेजारी कडब्यावर अंग मुडपून पडला होतात. मालाच्या डब्याला रेल्वेची माणसं ‘वाघीण’ म्हणतात. वाघिणीत हत्तीण, हा विनोद कंपनीत रोज कुणीतरी करतंच.

“ऊठ रे पोरा. आधी पाय,” लक्ष्मीचे माहूत चाचा म्हणतात.

तुम्ही गुडघ्यावर चापट मारता, लक्ष्मी पाय उचलते. तळव्यावरून हात फिरवता. एका भेगेत रुळांमधली खडी रुतलीय. आकड्यानं ती अलगद काढता. मग पाणी : दहा बादल्या ओतूनही सोंड अकरावी शोधतेच. कानामागे जुना वण आहे. चाचा तिथं तेल चोळतात. “हा अंकुश तिच्या चुकीचा नाही, माझ्या रागाचा,” एवढंच बोलतात.

आज पुण्यात खेळ नाही, मुंबई गाठायचीय. पण सदर्न मराठा रेल्वेचे रूळ एकमेकांपासून मीटरभर अंतरावर आणि पुढे जी.आय.पी. रेल्वेचे साडेपाच फुटांवर. डबे पुढे जात नाहीत. त्यामुळे तंबू, खांब, घोडे, पिंजरे, सगळं इकडून उतरवून तिकडं चढवायचं. चाचा लक्ष्मीच्या मानेवर बसतात, कानामागं पायाची बोटं दाबतात. “मैल!” खांब फरफटत निघतो. “धत्!” थांबतो. रिंगणात ती दहा मिनिटं स्टुलावर उभी राहते. तिकीट काढणाऱ्याला तेवढीच दिसते.

शेवटी तिची पाळी. नव्या वाघिणीला लावलेल्या फळीवर ती सोंड टेकवते, एक पाय ठेवते, काढून घेते. गार्ड घड्याळ बघतो. हमाल हसतात. तुमचा हात अंकुशाकडं जातो. चाचा तो बाजूला सारतात. स्वतः आत जाऊन ऐसपैस बसतात आणि गुळाचा रोट मोडायला घेतात.

बसल्या बसल्या विष्णुपंत छत्र्यांच्या गोष्टी निघतात. अंकलखोपचे विष्णुपंत घोड्यांचे उस्ताद, गाण्यातही ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे शागीर्द. १८८०च्या सुमारास त्यांनी आपल्या लोकांची पहिली सर्कस उभी केली. त्यांचं नाव घेताना चाचा कानाची पाळी धरतात.

फळी करकरते. लक्ष्मीनं पाय ठेवलाय. पुन्हा काढत नाही. दुसरा. तिसरा. गाडी आता हत्तिणीच्या वेळेनं सुटणार.

तुम्हाला ठाऊक नाही, पण याच शहरात याच वर्षी जन्मलेला दामू धोत्रे पुढं मामाच्या सर्कशीतून सुरुवात करून वाघ-सिंहांचा शिक्षक होईल, आणि खास आगगाड्यांतून गावोगाव फिरणाऱ्या अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत पोचेल.

दार सरकतं. अंधारात तुम्ही साखळी उचलता. शोधावं लागत नाही. मघाशी खडी काढलेला तोच पाय लक्ष्मी आपणहून पुढं करते.