जमाखर्च आणि जाब

जमाखर्चाच्या वह्यांतून इतिहास वाचणारे लोक आपल्याकडे थोडेच. लढाया, तह आणि राज्यारोहणें यांच्या तारखा शाळेंतील मुलांस मुखोद्गत असतात. परंतु तिजोरींतून निघालेला पैसा रयतेच्या घरापर्यंत पोहोंचला कीं नाहीं, आणि न पोहोंचल्यास त्याचा जाब कोणीं कोणास विचारला, हा प्रश्न क्वचितच कोणी करतो. वास्तविक कोणत्याही राज्यपद्धतीची खरी परीक्षा याच प्रश्नांत आहे. मराठवाड्यांतील नांदेड आणि लातूर या दोन गांवांचा त्या प्रश्नाशीं जो संबंध आला, तो खुद्द त्या भागांतील सुशिक्षितांनाही फारसा परिचित दिसत नाहीं. म्हणून तो येथें सांगावयाचा आहे.

प्रथम थोडें मागें जाऊं. दोन्ही गांवें १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यांत होतीं. पहिल्या सालारजंगांपूर्वीं त्या राज्यांत मुलुखाचा वसूल मक्त्यानें दिला जाई. मक्तेदारानें ठरलेली रक्कम दरबारांत भरावी आणि रयतेकडून साधेल तितकें काढावें, असा प्रकार होता. सालारजंग १८५३ सालीं दिवाण झाले. त्यांनीं मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ सालीं जिल्हाबंदी करून वसुलास व खर्चास शिस्त लाविली. पुढें अकबर हैदरी यांच्या हातीं अर्थखातें असतां प्रत्येक खात्यास तीन वर्षांपुरती रक्कम नेमून देण्याची पद्धति सुरू झाली. केवळ हिशेबाच्या दृष्टीनें पाहिल्यास हें राज्य मागासलेलें होतें असें म्हणतां येणार नाहीं.

उणीव निराळीच होती. हिशेब वर जात असे, खालीं येत नसे. तहशीलदारानें तालुकदारास, तालुकदारानें सुभेदारास आणि सुभेदारानें हैदराबादेस जाब द्यावा. पण ज्याच्या साऱ्यावर हा सर्व डोलारा उभा, त्या कुणब्यास जाब देण्याची तरतूद कोठेंच नव्हती. अंदाजपत्रकास मंजुरी देणारें लोकनियुक्त विधिमंडळ नव्हतें. आणि 'सर्फ-इ-खास' या नांवानें निजामाचा जो खासगी मुलूख होता, त्याचें उत्पन्न राज्याच्या जमाखर्चाबाहेर राही. तो मुलूख १९४९ सालीं सरकारांत विलीन झाला. १९५२ च्या निवडणुकींत मराठवाड्यांतील सामान्य माणसानें प्रथमच मत दिलें, आणि हिशेब विचारण्याचा अधिकार निदान कागदावर त्याच्या हातीं आला.

त्या अधिकारास पुढें जीं साधनें मिळालीं, त्यांतील दोहोंवर या दोन गांवांच्या माणसांची मुद्रा आहे. पहिले शंकरराव चव्हाण. जन्म पैठणचा, पण कर्मभूमि नांदेड. दुसरे शिवराज पाटील चाकूरकर, हे लातूर भागांतील चाकूरचे. दोघेही कायद्याचे पदवीधर. आणि विशेष हें कीं, शंकरराव नांदेडच्या व शिवराज पाटील लातूरच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. नगरपालिकेंत खर्चाचा प्रश्न आंकड्यांत लपून राहत नाहीं. नळास पाणी आलें नाहीं तर नागरिक सकाळीं दारांत उभा राहतो.

शंकरराव १९७५ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना चालविण्यास कायमचा पैसा हवा होता. त्यासाठीं इतर करांबरोबर १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला. नोकरदारांच्या पगारांतून वर्षाकांठीं जास्तींत जास्त २५०० रुपये कापला जाणारा कर तो हाच. योजनेस कायद्याचें रूप आलें आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. कामावर पिण्याचें पाणी, सावली आणि बायांच्या तान्ह्या मुलांसाठीं पाळणाघर असावें, असें ठरलें. योजनेवर देखरेख करण्यास विधिमंडळाची स्वतंत्र समिति नेमली गेली. म्हणजे शहरांतील कारकुनाच्या पगारांतून निघालेला रुपया कोरडवाहू गांवांतील बाईच्या मजुरीपर्यंत आणि तिच्या मुलाच्या पाळण्यापर्यंत जावयाचा होता. हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, किंवा पाळणा कागदावरच राहिला, तर फसवणूक दोघांचीही होणार होती. हा संबंध आपल्या ध्यानांत क्वचितच येतो.

शंकरराव १९८६ सालीं पुन्हा मुख्यमंत्री झाले. शिस्तीमुळें लोक त्यांस 'हेडमास्तर' म्हणत, आणि हेडमास्तरांस शोभेल असाच प्रश्न त्यांच्या सरकारनें प्रत्येक खात्यास घातला: "हा खर्च मुळांत करावयाचा कशासाठीं?" यालाच शून्याधारित अर्थसंकल्प म्हणतात. नेहमींच्या पद्धतींत गतवर्षाचा आंकडा गृहीत धरून त्यावर थोडी वाढ मागितली जाते. मुलगा मोठा होऊन नोकरीस लागला तरी त्याच्या शिकवणीचे पैसे दरमहा बाजूस काढीत राहावें, तशांतला हा प्रकार. नव्या पद्धतींत प्रत्येक योजनेनें शून्यापासून आपली गरज सिद्ध करावयाची. अमेरिकेंत जिमी कार्टर यांनीं जॉर्जिया प्रांतांत ही पद्धति आणिली होती, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर संघसरकारासही लाविली. १९८१ सालीं ती तेथें सोडून देण्यांत आली. भारतांतील राज्यांमध्यें ती प्रथम महाराष्ट्रानें स्वीकारली.

या प्रयोगाचा मूळ आवेश पुढें टिकला नाहीं, यांत नवल नाहीं. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांस शून्य लावतां येत नाहीं. आणि उरलेल्या योजनांचें समर्थन लिहिणारा तोच अधिकारी असतो जो त्या चालवितो. पण माझ्या मतें यांत याहून खोल अडचण आहे. "तुझी गरज सिद्ध कर" हा प्रश्न सर्वांस सारखाच कठोर वाटला तरी सर्वांस सारखाच सोपा नसतो. ज्या खात्यास चांगला लेखक आहे तें खातें उत्तर देतें. ज्यांची गरज सर्वांत मोठी, त्या पाळण्यांतील मुलास उत्तर देतां येत नाहीं. तेव्हां प्रश्न विचारणारा केवळ अर्थखात्याचा माणूस असून भागत नाहीं. लोकांनीं निवडून दिलेलाही कोणी तेथें बसलेला असावा लागतो.

ही उणीव दुसऱ्या साधनानें कांहीं अंशीं भरून निघाली. शिवराज पाटील १९९१ पासून १९९६ पर्यंत लोकसभेचे अध्यक्ष होते. तोंपर्यंत संसदेची लोकलेखा समिति खर्च झाल्यावर हिशेब पाही. पण मंजुरीच्या आधीं प्रत्येक खात्याच्या मागण्या बारकाईनें तपासण्याची सोय नव्हती. १९८९ सालीं तीन विषयांपुरत्या समित्या निघाल्या होत्या. त्यांचा विस्तार करून ८ एप्रिल १९९३ पासून १७ विभागवार स्थायी समित्या सुरू झाल्या. प्रत्येकींत लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५ सभासद होते. अन्नपुरवठा, ग्रामविकास, श्रम व कल्याण हीं गरिबांच्या जिव्हाळ्याचीं खातीं त्यांच्या कक्षेंत आलीं. २००४ सालीं समित्यांची संख्या २४ झाली. अर्थसंकल्प मांडल्यावर कांहीं आठवडे सभागृह थांबतें, खात्याचे सचिव समितीपुढें बसतात, आणि "गेल्या वर्षीं दिलेले पैसे खर्च कां झाले नाहींत?" असा साधा प्रश्न त्यांस ऐकावा लागतो. तेथें पक्षाच्या आरोळ्या कमी असतात, म्हणून काम अधिक होतें.

या समित्यांस सहा महिनेही झाले नव्हते तोंच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे अध्यक्षांच्या स्वतःच्या जिल्ह्यांत, किल्लारीस, भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें ८ हजार माणसें दगावलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. जागतिक बँकेचें कर्ज आलें, देशोदेशींची मदत आली, आणि जाबाचा प्रश्न दिल्लींतून थेट पडक्या भिंतीपाशीं येऊन उभा राहिला. कुटुंब म्हणजे कोण? विधवा झालेल्या सुनेचें नांव यादींत कोणाच्या नांवाखालीं घालावयाचें? स्थलांतरित गांवांत भूमिहीनास २५० चौरस फुटांचें, तर मोठ्या जमीनदारास ७५० चौरस फुटांचें घर, हें प्रमाण कितपत न्याय्य? पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनें सुमारें १२०० मुलांस शिक्षणासाठीं पुण्यास नेलें, हें मोठेंच काम झालें. पण लेंकराचा भार धर्मादायानें कोठवर आणि सरकारनें कोठवर उचलावा, याचें उत्तर कोणत्याही जमाखर्चांत सांपडत नाहीं.

त्याच पुनर्वसनांत एक गोष्ट नमूद करण्यासारखी घडली. दुरुस्तीच्या गांवांत घरमालकास पैसे हप्त्याहप्त्यानें मिळत, आणि शेंकडों गांवांतून महिला मंडळांच्या बायांस 'संवाद सहायक' म्हणून नेमलें गेलें. कोणास किती हप्ता आला, काम कोठवर झालें, हें त्या घरोघर जाऊन पाहत. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या हिशेब वर पाठविण्याचीच रीत होती, त्या मुलखांत तो प्रथमच उंबऱ्यावर उतरला. हें या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचें पाऊल आहे असें मला वाटतें.

कारण वरचीं साधनें झिजतात. मार्च २०१८ मध्यें लोकसभेनें सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकाच वेळीं मंजूर केल्या. समित्यांचे अहवाल छापून तयार होते. सभागृहानें त्यांचा उपयोग केला नाहीं. ते अहवाल इंग्रजींत व हिंदींत निघतात, मराठींत नाहीं. मीं स्वतः पुष्कळ वर्षें वर्गांत संसदेचे अधिकार शिकविले. पण एखाद्या समितीचा अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा प्रसंग फार उशिरां आला, हें सांगतांना संकोच वाटतो. वाचला तेव्हां कळलें कीं, त्यांत भाषा रुक्ष असली तरी विषय पाळण्याचा, शिध्याचा आणि मजुरीचाच आहे. नांदेड-लातुरांत आज महाविद्यालयें पुष्कळ आहेत. प्रत्येकानें वर्षास एक अहवाल घेऊन त्याचा सारांश मराठींत गांवापुढें ठेविला, तरी आपल्या पगारांतून दरमहा कापला जाणारा रुपया कोठें गेला, हें विचारण्याचा आपला हक्क थोडाफार वापरला गेला, असें म्हणतां येईल.